इंग्रजी वाक्य कसे वाचावे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याकरणावर भाषण आहे असे कळले की मागच्या रांगा प्रथम रिकाम्या होतात, हा माझा अनुभव आहे. त्यातून विषय इंग्रजीच्या व्याकरणाचा, म्हणजे पुढच्या रांगाही चुळबुळ करू लागतात. तरीही या मेळाव्यात मी मुद्दाम हाच विषय मागून घेतला, आणि पालकांनी उठून जाऊ नये अशी विनंतीही केली. हा विषय केवळ आठवी ते दहावीच्या मुलांचा नाही. आपल्या घरात येणाऱ्या इंग्रजी कागदांशी त्याचा संबंध आहे. या विषयाच्या अज्ञानामुळे माझ्या स्वतःच्या घरात एकदा नुकसान झालेले आहे. ते पुढे सांगेन.

आणखी एक गोष्ट. भाषण स्मरणिकेत छापावयाचे ठरले, तेव्हा मी ते पुन्हा लिहून काढले. त्या दिवशी फळ्यावर लिहिलेली इंग्रजी वाक्ये येथे नागरी लिपीतच दिली आहेत. ज्या आईवडिलांना इंग्रजी अक्षरे लागत नाहीत, त्यांनाही ती मुलांबरोबर मोठ्याने वाचता यावीत, एवढाच हेतू.

पालक मला भेटतात तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते. "सर, मुलाला शब्द येतात, स्पेलिंगे पाठ आहेत, पण धडा वाचायला दिला की अर्थ सांगता येत नाही." ही तक्रार अगदी खरी आहे. आपण मुलांकडून शब्द पाठ करून घेतो. रोज दहा शब्द, भिंतीवर तक्ता, वहीत अर्थ. पण शब्द म्हणजे विटा. विटांचा ढीग अंगणात पडला म्हणून घर उभे राहत नाही. वाक्यात कोणता भाग स्वतःच्या पायावर उभा आहे आणि कोणता दुसऱ्याला टेकून आहे, हे ज्याला दिसत नाही, त्याला सगळे शब्द येऊनही अर्थ लागत नाही. इंग्रजी वाक्यांचे जे तीन प्रकार आपण शिकवितो, सिंपल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स, ते खरे पाहता हेच ओळखण्यासाठी आहेत. मराठीत त्यांना केवल, संयुक्त व मिश्र वाक्य म्हणतात.

उर्दू माध्यमाच्या मुलांना हेच मुफ्रद जुमला आणि मुरक्कब जुमला या नावांनी माहीत असते. मौलवी अब्दुल हक यांचे 'कवायद-ए-उर्दू' हे उर्दू व्याकरणाचे पुस्तक आहे. मौलवीसाहेबांनी आयुष्याची कितीतरी वर्षे आपल्या औरंगाबादेत राहून काम केले, हे मुलांना सांगितले की ती जरा सावरून बसतात. मराठीत मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले, त्यातही वाक्याचा विचार विस्ताराने आहे. सांगावयाचे एवढेच की हा विषय आपल्याला परका नाही. घरात आपण जी भाषा बोलतो, तिच्यातही ही तिन्ही वाक्ये आहेत. नावे ठाऊक नसताना आपली आजीसुद्धा ती बिनचूक वापरत होती.

आता प्रथम माझी चूक कबूल करतो. नोकरीला लागलो तेव्हा मी मुलांना सोपी युक्ती म्हणून सांगत असे की लहान वाक्य ते सिंपल, 'अँड' असेल तर कंपाउंड आणि लांबलचक असेल तर कॉम्प्लेक्स. मुले खूष होती, कारण दहापैकी सात उत्तरे बरोबर येत. एके दिवशी नववीतल्या एका मुलाने पुस्तकातले वाक्य दाखविले आणि विचारले, "सर, हे तर दोन ओळींचे आहे, मग गाइडात सिंपल का दिलंय?" मी त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी जाऊन पाहिले तर गाइड बरोबर होते आणि मी चुकलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तसे सांगितले.

लांबीचा यात काही संबंध नाही. हे वाक्य पाहा :

'आफ्टर अ लाँग अँड टायरिंग जर्नी बाय बस फ्रॉम मुंबई, माय ओल्ड ग्रँडफादर स्लेप्ट टिल नून ऑन द व्हरांडा.'

मुंबईहून बसने दूरचा दमविणारा प्रवास केल्यावर माझे वृद्ध आजोबा दुपारपर्यंत पडवीत झोपले. एवढे मोठे वाक्य, त्यात 'अँड'सुद्धा आहे. तरी ते सिंपल आहे. कारण त्यात पुरे क्रियापद एकच, 'स्लेप्ट'. आता दुसरे :

'कम व्हेन आय कॉल.'

मी हाक मारीन तेव्हा ये. शब्द फक्त चार, पण वाक्य कॉम्प्लेक्स आहे. 'कम' हे एक क्रियापद आणि 'कॉल' हे दुसरे. 'व्हेन आय कॉल' हा तुकडा एकटा उच्चारला तर ऐकणारा पुढे काय म्हणून थांबून राहतो. तो दुसऱ्याला टेकलेला आहे.

तेव्हा पहिली पायरी पुरे क्रियापद शोधण्याची. इंग्रजीत त्याला फायनाइट व्हर्ब म्हणतात. कर्त्याप्रमाणे आणि काळाप्रमाणे ज्याचे रूप ठरते, ते पुरे क्रियापद. 'टू गो', 'गोइंग', 'हॅविंग गॉन' ही रूपे क्रियापदासारखी दिसली तरी पुरी नाहीत, ती मोजावयाची नाहीत. मराठीत 'गेला' हे पुरे. 'जाऊन', 'जाताना', 'गेल्यावर', 'जायला' ही अपुरी. वाक्यात जितकी पुरी क्रियापदे, साधारणपणे तितकी उपवाक्ये, म्हणजे क्लॉज. मुलांनी पेन्सिल घेऊन पुऱ्या क्रियापदाखाली रेघ ओढावी, अर्धे काम तेथेच होते.

येथे थोडे थांबावयास हवे, कारण आपल्या मुलांची खरी अडचण येथे आहे आणि गाइडे तिच्याविषयी एक शब्द लिहीत नाहीत. आपल्या भाषांना अपुऱ्या क्रियापदांची फार आवड. "घरी जाऊन, हातपाय धुऊन, जेवून तो झोपला." चार कामे झाली, पण पुरे क्रियापद एकच, 'झोपला'. मराठीच्या हिशेबाने हे केवल वाक्य. उर्दूतही तसेच : घर जाकर, हाथ-मुँह धोकर, खाना खाकर. मूल हेच इंग्रजीत नेते आणि लिहिते, 'ही गोइंग होम, वॉशिंग, ईटिंग, स्लेप्ट.' शिक्षक लाल रेघ मारतात आणि मूल खट्टू होते. त्याने विचार चुकीचा केलेला नसतो, आपल्या भाषेची चाल दुसऱ्या भाषेत नेलेली असते. इंग्रजी अशा जागी सरळ पुरी क्रियापदे ओळीने मांडते : 'ही वेंट होम, वॉश्ड, एट हिज डिनर अँड स्लेप्ट.'

"बस चुकल्यामुळे मला उशीर झाला" हे आपले रोजचे वाक्य घ्या. मराठीत ते केवल वाक्य आहे. इंग्रजीत ते तिन्ही प्रकारे सांगता येते. 'आय मिस्ड द बस, सो आय वॉज लेट' हे कंपाउंड. 'आय वॉज लेट बिकॉज आय मिस्ड द बस' हे कॉम्प्लेक्स. 'हॅविंग मिस्ड द बस, आय वॉज लेट' हे सिंपल. बस तीच आणि उशीरही तोच. प्रकार घटनेचा नसतो, मांडणीचा असतो, हे मुलांच्या एकदा ध्यानात आले की त्यांची भीती पुष्कळ कमी होते.

भीतीचे आणखी एक कारण नावात आहे. 'कॉम्प्लेक्स' म्हणजे अवघड, गुंतागुंतीचे, असा अर्थ मुलांच्या कानावर पडलेला असतो. म्हणून कॉम्प्लेक्स सेंटेन्स म्हणजे हुशार मुलांसाठीचे वाक्य अशी समजूत होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वेढलेले, एकमेकांत गुंफलेले असा आहे. आणि 'कंपाउंड' म्हणजे शेजारी शेजारी ठेवून जोडलेले. दोन चटया एकमेकींना लावून अंथरल्या तर ते कंपाउंड, एकाच चटईत दोन रंगांच्या पाती विणल्या तर ते कॉम्प्लेक्स. 'मुरक्कब'चाही अर्थ जोडून, बसवून केलेले असाच आहे.

कंपाउंडविषयी फार सांगावयाचे नाही. 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो', 'यट' अशा अव्ययांनी दोन स्वतंत्र वाक्ये जोडली जातात. अव्यय काढून टाकले तरी दोन्ही आपापल्या पायावर उभी राहतात. 'ही केम अँड सॅट' यासारखे वाक्य मात्र वादाचे आहे. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या व्याकरणात कर्ता गाळलेले कंपाउंड वाक्य म्हणून ते घेतात, तर काही पुस्तके एका कर्त्याची दोन क्रियापदे म्हणून ते सिंपल धरतात. मुलांनी परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहावे आणि त्यावरून घरी भांडू नये.

'बट'ची एक गंमत मात्र पालकांना दाखवितो. प्रगतिपुस्तकात एका मुलाविषयी शेरा असा लिहिता येईल : 'ही मेक्स नो मिस्टेक्स, बट ही वर्क्स स्लोली.' तो चुका करीत नाही, पण हळू काम करतो. किंवा असाही : 'ही वर्क्स स्लोली, बट ही मेक्स नो मिस्टेक्स.' तो हळू काम करतो, पण चुका करीत नाही. माहिती दोन्हींत अगदी तीच आहे. पहिला शेरा वाचून बाप मुलाला रागावेल, दुसरा वाचून पाठीवर हात ठेवील. दोन वाक्ये बरोबरीची म्हटली तरी शेवटी ठेवलेले मनात राहते. कॉम्प्लेक्स वाक्यात तर वजन उघडच एका बाजूला टाकता येते : 'ऑल्दो ही वर्क्स स्लोली, ही मेक्स नो मिस्टेक्स.' तो हळू काम करीत असला तरी चुका करीत नाही. येथे हळूपणा हा टेकलेला भाग झाला, आणि चुका न करणे हे मुख्य. मी शेरे लिहिताना आता याचा विचार करतो. पूर्वी करीत नसे.

जाता जाता सांगतो, 'ऑल्दो' लिहिल्यावर पुन्हा 'बट' लिहू नये. आपण 'जरी-तरी' म्हणतो, उर्दूत 'अगरचे-लेकिन' म्हणतो, म्हणून मुलांचा हात दोन्ही लिहिण्याकडे जातो. इंग्रजीला एकच पुरते.

आता कॉम्प्लेक्स वाक्य. यात एक मुख्य उपवाक्य असते, त्याला मेन किंवा प्रिन्सिपल क्लॉज म्हणतात, आणि त्याला टेकलेली एक किंवा अधिक गौण उपवाक्ये असतात, ती सबॉर्डिनेट क्लॉज. गौण उपवाक्ये तीन कामे करतात. नामाचे, विशेषणाचे आणि क्रियाविशेषणाचे. या तिन्ही ठिकाणी आपली मुले वेगवेगळ्या तऱ्हेने अडखळतात.

नामाचे काम करणारे उपवाक्य 'दॅट'ने येते. आपण म्हणतो, "अहमद म्हणाला की मी उद्या येईन." येणार कोण? अहमद. आपल्या मराठी-उर्दूत 'की' नंतर बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवण्याची रीत आहे. मुलगा हेच इंग्रजीत नेतो : 'अहमद सेड दॅट आय विल कम टुमॉरो.' इंग्रजी वाचणाऱ्याच्या दृष्टीने आता येणार आहे तो लिहिणारा मुलगा, अहमद नव्हे! माणूसच बदलला. तेथे 'अहमद सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे' असे लिहावे लागते. वहीत ही एका गुणाची चूक असते, पत्रात ती एक फेरी फुकट घालवते.

विशेषणाचे काम करणारे उपवाक्य 'हू', 'विच', 'दॅट' यांनी येते. मी वर्गात हे वाक्य दिले होते :

'द मॅन हू बॉट माय अंकल्स बोट लिव्ह्ज इन गुहागर.'

आणि विचारले, गुहागरला कोण राहतो? निम्म्या वर्गाने उत्तर दिले, "काका." कारण उघड आहे. 'लिव्ह्ज'च्या जवळ 'अंकल' आणि 'बोट' आहेत. 'मॅन' लांब राहिला. आपण हेच कसे बोलतो? "ज्याने माझ्या काकांची होडी घेतली, तो माणूस गुहागरला राहतो." आपण गौण उपवाक्य बहुधा आधी संपवून टाकतो, मग 'तो' म्हणून मुख्य वाक्य नव्याने सुरू करतो. 'जो-तो', 'जेव्हा-तेव्हा', 'जसे-तसे' या जोड्या आपल्याला हात धरून नेतात. इंग्रजी मात्र मुख्य वाक्य सुरू करते, ते मध्येच फोडून आत गौण उपवाक्य बसवते आणि मग राहिलेले पुरे करते. आपले मूल त्या मधल्या तुकड्यात अडकते. उपाय साधा आहे. 'हू'पासून त्या उपवाक्याच्या शेवटापर्यंतचा भाग हाताच्या बोटाने झाकावयाचा : 'द मॅन... लिव्ह्ज इन गुहागर.' कणा हाती आला. मग बोट उचलून पाहावयाचे, कोणता माणूस? ज्याने होडी घेतली तो. या बोटाच्या युक्तीने मला जेवढा उपयोग झाला तेवढा कोणत्याही तक्त्याने झाला नाही.

तिसरे काम क्रियाविशेषणाचे. केव्हा, कोठे, का, कशासाठी, कोणत्या अटीवर. यांतल्या शेवटच्या शब्दाशी, अटीशी, माझ्या घरची गोष्ट निगडित आहे.

२००६ साली मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या खाडीकाठच्या गावातून अनेकजण आखातात नोकरीला जात, तसे माझे मामू ड्रायव्हर म्हणून जावयास निघाले. मुंबईच्या एका एजंटाकडून कराराचे कागद आले, तीन पाने, सगळी इंग्रजीत. घरात कॉलेजात शिकणारा मी एकटा. मामू कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तू वाच. तू सांगशील तर सही करतो." त्या वेळी मला केवढा अभिमान वाटला होता! मी भराभर वाचले. पगार, जेवण, राहण्याची सोय. परतीच्या तिकिटाविषयी जे वाक्य होते, ते आजही मला जसेच्या तसे पाठ आहे :

'द कंपनी शॅल प्रोव्हाइड अ रिटर्न टिकेट, प्रोव्हायडेड दॅट द एम्प्लॉयी हॅज कम्प्लीटेड ट्वेंटी-फोर मंथ्स ऑफ सर्व्हिस.'

मी 'प्रोव्हाइड' पाहिले आणि पुढे पुन्हा 'प्रोव्हायडेड' पाहिले. प्रोव्हाइड म्हणजे पुरविणे, हा अर्थ मला शाळेपासून पाठ होता. मला वाटले, एकच गोष्ट जोर देऊन दोनदा सांगितली आहे. चोवीस महिने म्हणजे नोकरीची मुदत असेल. मी मामूंना सांगितले, "परतीचं तिकीट कंपनी देणार आहे. तुम्ही करा सही." त्यांनी केली.

'प्रोव्हायडेड दॅट' याचा अर्थ 'या अटीवर की' असा आहे. कर्मचाऱ्याने चोवीस महिने नोकरी पुरी केली असेल तरच कंपनी परतीचे तिकीट देईल. मुख्य उपवाक्यात वचन होते आणि गौण उपवाक्यात अट. मी वचन वाचले, अट वाचूनही मला दिसली नाही.

पंधराव्या महिन्यात मुमानी फार आजारी पडल्या आणि मामूंना परत येणे भाग पडले. कंपनीने तिकीट नाकारले. करारावर बोट ठेवून नाकारले, त्यामुळे कंपनीला दोष देण्यास जागा नव्हती. खोलीतल्या सोबत्यांकडून उसने पैसे घेऊन मामू आले, आणि ते पैसे फेडण्यासाठी मुमानींच्या बांगड्या गहाण पडल्या. त्या सुटायला दोन वर्षे लागली. मामू मला एक शब्द रागाने बोलले नाहीत. फक्त एकदा विचारले, "तू तर वाचलं होतंस ना?" मी काय उत्तर देणार? मी वाचले होतेच. बी. ए.ला माझा विषय इंग्रजी होता, कॉम्प्लेक्स वाक्याच्या प्रश्नाला मला दहावीत पैकीच्या पैकी गुण होते. 'इफ' असेल तर अट, एवढे मला पाठ होते. 'प्रोव्हायडेड दॅट' पाठांतराच्या यादीत नव्हते.

म्हणून मी आता मुलांना अव्ययांची यादी पाठ करावयास सांगत नाही असे नाही, पण यादीवर थांबू देत नाही. मोठे वाक्य समोर आले की प्रथम पुरी क्रियापदे शोधा. वरच्या वाक्यात ती दोन आहेत : 'शॅल प्रोव्हाइड' आणि 'हॅज कम्प्लीटेड'. दोन पुरी क्रियापदे म्हणजे दोन उपवाक्ये. मग दोन्ही वेगळी उच्चारून पाहा. 'कंपनी तिकीट देईल' हे उभे राहते. दुसऱ्याच्या तोंडाशी 'प्रोव्हायडेड दॅट' आहे, ते एकटे उभे राहत नाही. मग ते पहिल्याला कशासाठी टेकले आहे, केव्हा, का, की कोणत्या अटीवर, असे विचारा. त्या दिवशी मी एवढे एक मिनिट थांबून केले असते, तर शब्दाचा अर्थ ठाऊक नसूनही येथे काहीतरी टेकलेले आहे हे मला कळले असते आणि मी शब्दकोश उघडला असता.

अटीची उपवाक्ये आणणारे शब्द पालकांनीही कानाने ओळखून ठेवावेत. 'इफ' म्हणजे जर. 'अनलेस' म्हणजे जर नाही तर. यात 'नाही' आधीच पोटात असते, म्हणून तो फार फसवितो. 'प्रोव्हायडेड दॅट' आणि 'ऑन कंडिशन दॅट' म्हणजे या अटीवर. 'अंटिल' म्हणजे तोपर्यंत. 'द फी विल नॉट बी रिफंडेड अनलेस द स्टुडंट विदड्रॉज बिफोर द कोर्स बिगिन्स.' कोर्स सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याने नाव काढून घेतले नाही, तर फी परत मिळणार नाही. या वाक्यात पुरी क्रियापदे तीन आहेत, म्हणजे अटीच्या आत आणखी एक वेळेचे उपवाक्य. कर्जाचे, विम्याचे, भाड्याच्या खोलीचे, प्रवेशाचे, नोकरीचे कागद अशा वाक्यांनी भरलेले असतात. देणे ठळकपणे मुख्य उपवाक्यात असते आणि न देण्याची सोय गौण उपवाक्यात. आता मोबाईलवर भाषांतर मिळते हे मला ठाऊक आहे, मीही ते पाहतो. पण सही आपली असते, तेव्हा मूळ वाक्यावर एकदा आपले बोट ठेवून पाहिलेले बरे.

परीक्षेविषयी दोन शब्द बोललो नाही तर विद्यार्थी नाराज होतील. 'डू ॲज डिरेक्टेड' या प्रश्नात 'टू' काढून 'सो-दॅट' घालावयास सांगतात. 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक' हे सिंपल, कारण 'टू ड्रिंक' अपुरे आहे. त्याचे कॉम्प्लेक्स होते, 'द टी इज सो हॉट दॅट वन कॅनॉट ड्रिंक इट.' येथे शेवटचा 'इट' मुले विसरतात. नवे उपवाक्य झाले, त्याला स्वतःचा कर्ता हवा, स्वतःचे कर्म हवे. आणि मूळ वाक्यात नसलेला 'नॉट' कोठून आला? 'टू हॉट' यातच नकार दडलेला होता. हे समजून केले तर पाच वाक्ये पुरतात, न समजता पन्नास केली तरी एक्कावन्नावे चुकते. काही वाक्यांत दोन मुख्य आणि एक गौण अशी उपवाक्ये असतात, त्यांना कंपाउंड-कॉम्प्लेक्स म्हणतात. त्यात घाबरण्यासारखे नवीन काही नाही, रेघ आणि बोट तेथेही चालते.

पालकांना वाटेल, आम्ही यात काय करणार, आम्हाला इंग्रजी येत नाही. माझे म्हणणे आहे की तुम्ही पुष्कळ करू शकता. आठवड्यातून एकदा घरात आलेला कोणताही इंग्रजी कागद मुलासमोर ठेवा. विजेचे बिल असो, औषधाच्या डब्यातली घडी केलेली चिठ्ठी असो, बँकेचे पत्र असो. त्यातले एक लांब वाक्य निवडावयास सांगा आणि तीन प्रश्न आपल्या भाषेतच विचारा. यात पुरी क्रियापदे किती? मुख्य गोष्ट कोणती? बाकीचे तिला कशासाठी टेकले आहे? मूल अडले तर अडू द्या, दुसऱ्या दिवशी शाळेत विचारू द्या. मुलींनाही हे कागद द्यावेत. आमच्या शाळेत तरी बोटाने वाक्य झाकून वाचण्यात मुली मुलांच्या पुढे आहेत.

मामू आता गावातच असतात. परवा ते घराच्या विम्याचा कागद घेऊन आले. मी चष्मा शोधेपर्यंत त्यांनी स्वतःच दुसऱ्या पानावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे बघ, अनलेस. इथून वाच." इंग्रजीची चार-पाच अक्षरेच त्यांना ओळखता येतात, पण त्या शब्दाचा आकार त्यांनी पाठ केला आहे. 'प्रोव्हायडेड'चाही.

विद्यार्थ्यांसाठी तीन वाक्ये देतो. प्रत्येकातील पुऱ्या क्रियापदांखाली रेघ ओढावी, प्रकार ओळखावा आणि मराठीत अथवा उर्दूत अर्थ लिहावा.

'द बॉय हू लॉस्ट हिज टिकेट वॉक्ड होम.'

'ड्यूरिंग द हेवी रेन्स ऑफ जुलै, द ओल्ड वुडन ब्रिज निअर अवर स्कूल फेल इन्टू द क्रीक.'

'द बँक विल नॉट रिलीज द सेकंड इन्स्टॉलमेंट अनलेस द बॉरोअर सबमिट्स द बिल्स.'

उत्तरे मला आणून दाखवावीत. मधल्या सुट्टीत मी शिक्षक-खोलीतच असतो.